सामाईक बोळातलं कपाट

परभणीत मला ट्रॉलीवाली बाई म्हणतात. खरं तर मी ट्रॉली बनवत नाही, एक खिळासुद्धा ठोकत नाही. मी कॉम्प्युटरवर स्वयंपाकघराचं चित्र काढून देते. कपाट कुठं, ओटा किती उंच, दाराला रंग कोणता, हे सगळं त्यात येतं आणि सुतार ते बघून प्लाय कापतो. हे लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, शेवटी नाद सोडला. ट्रॉलीवाली तर ट्रॉलीवाली.

डोकं माझं पहिल्यापासून तापट, त्यात नशिबाला हे सॉफ्टवेअर आलं. कपाट भिंतीला लावावं तर ते भिंतीत घुसतं. दाराला रंग द्यावा तर फरशी रंगते. समोरून बघताना सगळं जागच्या जागी असतं, वरून बघावं तर सिंक गायब. मी त्याला माणसाला द्याव्यात तशा शिव्या देते. मुडद्या, तुझं वाटोळं होवो, हे तर माझं रोजचंच. शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या माणसाला बरेच दिवस वाटायचं की माझ्याकडं आत कोणीतरी कामाला आहे आणि मी त्याला छळते. पण माझ्या सगळ्यात जास्त शिव्या या सॉफ्टवेअरनं खाल्ल्या त्या माझ्या माहेरच्या कामात, आणि त्या कामात त्याची काही चूक नव्हती.

माझं माहेर ताडकळसच्या पुढं. बाप गेला, त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि दोन्ही भावांनी चुली वेगळ्या करायचं काढलं. थोरला शेती बघतो, त्याला मी दादा म्हणते. धाकटा एका शाळेत क्लार्क आहे, तो मला अक्का म्हणतो. दोघंही वाईट नाहीत. गावात कोणालाही विचारा, हेच सांगतील. वाटणीला चुलते बसले होते. रान झालं, जनावरं झाली, भांडी झाली. विहीर सामाईक ठेवली, रानात जायचा रस्ता सामाईक ठेवला. मग आलं घर, आणि घरात अडलं ते स्वयंपाकघर.

बापानं स्वयंपाकघर लांबरुंद बांधलं होतं. त्याच्या मधून मागच्या दाराला वाट जायची, मागं मोरी आणि पाण्याचा हौद. पाणी तर दोघांनाही पाहिजे. म्हणून चुलत्यांनी असं ठरवलं की दोन भिंती घालायच्या, इकडं थोरल्याचं स्वयंपाकघर, तिकडं धाकट्याचं, आणि मधी मागच्या दारापर्यंत बोळ सोडायचा. बोळ सामाईक.

"आन् माय?" कोणीतरी विचारलं.

"मायला काय. एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. अमावास्या झाली की ताट बदलायचं," चुलते म्हणाले. मग जरा हसून म्हणाले, "माय बी सामाईकच की."

सगळे हसले. माय तिथंच बसून तूर निवडत होती, तीही हसली. तिला कोणी काही विचारलं नाही.

मी निघाले तशी ती फाट्यापर्यंत माझ्यामागं आली. एसटीला वेळ होता. डोक्यावरचा पदर नीट करत ती म्हणाली, "मला पाळीनं खायचं न्हाई बाई."

मी म्हटलं, "मग माझ्याकडं चल." हे मी बाप गेल्यापासून म्हणतच होते.

"लेकीच्या दारात ऱ्हायले तर ह्या दोघांची गावात काय इज्जत ऱ्हाईल? त्ये न्हाई व्हायचं." मग माझा हात धरून म्हणाली, "तू आसं कर. त्या बोळात मला एक फळी दे. खाली पिठाचा डबा, वर शेगडी, बास. बसून करता याया पाहिजे, गुडघ्यानं मला उभं ऱ्हावत न्हाई. सुनांच्या तोंडाकडं बघून भूक सांगायची माझ्यानं जमायचं न्हाई. माझं मी करून खाईन. आन् धोंड्याचा महिना येईल तवा जावयाला माझ्या हातचे धोंडे घालीन. येवढं तुझ्या त्या मशिनीत बसव."

मायचा विचार सरळ होता. दोन्ही भावांनी स्वयंपाकघरं माझ्याकडूनच काढून घ्यायचं ठरवलं होतं, कारण घरातलीच बहीण. आणि मशिनीतून रंगीत कागद बाहेर आला की त्यावर कोणी बोलत नाही, असं तिनं माझ्याकडूनच कधीतरी ऐकलं होतं. गिऱ्हाइकांचं तसं असतंही. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर लोक भांडतात आणि छापून आलेल्याला मान डोलवतात.

मी कामाला लागले. दोन्ही भावजयांना आपापलं किचन आपापल्या मोबाइलवर बघायचं होतं आणि रंग स्वतः निवडायचे होते. म्हणून दोन्ही घरी, भावांना आणि भावजयांना, फाइलची लिंक पाठवली. लिंक देताना ते सॉफ्टवेअर विचारतं की समोरच्यानं नुसतं बघायचं का बदलही करायचा. मी बदलाची परवानगी दिली. घरचीच माणसं, त्यात काय एवढं.

पहिलं भांडण रंगावरून झालं. थोरल्या वहिनीनं दारांना मोरपंखी लावला आणि पलीकडं धाकटीचीही सगळी दारं मोरपंखी झाली. तिनं रागानं दुधी पांढरा लावला, तर थोरलीची पांढरी झाली. दिवसभर माझा फोन वाजत होता. एक म्हणते, तिनं माझा रंग मुद्दाम घेतला. दुसरी म्हणते, तिला माझं काही बघवतच न्हाई. मी दोघींना समजावलं की बायांनो, दोघींच्या दारांना मी एकच लॅमिनेट लावलंय, मशीनला ते एकच वाटतं, एकाला हात लावला की दुसरं बदलणारच. त्याची नक्कल करायची, नक्कलेला वेगळं नाव द्यायचं आणि ती एका बाजूला लावायची, की भांडण मिटलं. मी तसं केलं. मोरपंखी इकडं राहिला, दुधी तिकडं. तेवढ्यापुरतं मिटलंही.

बोळाचं मात्र जमेना. या सॉफ्टवेअरला चारी बाजूंनी बंद असेल तीच जागा खोली वाटते. तिथंच ते फरशी दाखवतं, तिथंच सामान ठेवू देतं. बोळ दोन्हीकडून उघडा, त्यामुळं ते त्याला खोली धरेना. दोन रंगीत स्वयंपाकघरं आणि मधी एक कोरी पांढरी पट्टी, असं ते दिसायचं. शेवटी दोन्ही तोंडांना मी एकेक न दिसणारी रेघ ओढली. तशी फरशी उगवली आणि मशीननं खोलीचं नाव विचारलं. मी 'माय' असं टाइप केलं.

मग कपाट. मायला बुटकं पाहिजे होतं, पाटावर बसून शेगडीपर्यंत हात पोचेल असं. मशीनला ते पटेना. मी उंची कमी केली की ते परत आपल्या मापावर जायचं, उभं राहून रांधणाऱ्या बायकांच्या. पुन्हा कमी केली, पुन्हा वर. त्या दिवशी झेरॉक्सवाल्यानं आत डोकावून बघितलं. शेवटी बाथरूमच्या सामानातलं एक बुटकं खोकं उचललं, त्याला दार लावलं, वर कडप्पा टाकला आणि शेगडी ठेवली. दाराला रंग दिला साधा, सागवानी. मायला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, रंग कशाला. मला ते लय आवडलं होतं.

कपाट आता नकाशात दिसत होतं. सुताराला द्यायचं पान वेगळं असतं, ज्याला आम्ही लेआउट म्हणतो. त्यात वरून कसं दिसतं, समोरून कसं दिसतं, अशी चौकोनाचौकोनात चित्रं मांडायची आणि छापायची. मी सगळं मांडलं, जेवून आले आणि बघते तर मायचं कपाट नाही. दोन्ही स्वयंपाकघरं झळकत होती आणि बोळ मोकळा.

मला वाटलं, चौकोन जुनंच चित्र दाखवतोय. असं होतं कधीकधी, ताजं करायला सांगावं लागतं. सांगितलं, तरी नाही. मूळ नकाशात गेले तर तिथंही नाही. पुन्हा कपाट ठेवलं. संध्याकाळी दुकान बंद करताना होतं, सकाळी उघडलं तर नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. लेयर तपासले. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले काचेचे कागद समजा, एकावर भिंती, एकावर कपाटं; एखादा कागद झाकला की त्यावरचं सगळं दिसेनासं होतं. तर एकदा तो कागदच झाकलेला सापडला. उघडला, कपाट आलं. दुसऱ्या दिवशी कागद उघडाच होता आणि कपाट पुसलेलं होतं. एका दुखण्याची दोन-दोन लक्षणं, मला काही कळेना. बाकीची गिऱ्हाइकं खोळंबली, मालक, म्हणजे माझा नवरा, घरी म्हणाले की एवढं काय आहे त्या फळीत, मी त्यांच्यावरही ओरडले.

शेवटी सॉफ्टवेअरच्या मदतीचा नंबर फिरवला. तिकडून एक मुलगा बोलला, लय अदबीनं.

"मॅडम, ते कॅबिनेट कोणत्या भिंतीला अटॅच केलंय?"

"कोणत्याच न्हाई. मधी ठेवलंय."

"कॅबिनेटला भिंत लागते मॅडम. कोणत्याही एका भिंतीला लावून बघा."

मी थोरल्याच्या भिंतीला लावलं. गेलं. धाकट्याच्या भिंतीला लावलं, तिथूनही गेलं. पुन्हा फोन केला. त्यानं माझी फाइल मागवून घेतली, बघितली आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या फाइलमध्ये काही दोष नाहीये. ही फाइल आणखी कोणी उघडतं का?"

"कोणी न्हाई," मी म्हणाले. "माझे भाऊच हायेत."

तो म्हणाला, ठीक आहे मॅडम, एकदा फाइल उघडी ठेवून बघा.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी कपाट परत जागेवर ठेवलं, चहा मागवला आणि माउसवरचा हात काढून बसले. या सॉफ्टवेअरमध्ये दुसरं कोणी फाइलीत आलं की पडद्यावर एक रंगीत ठिपका फिरतो, ज्याचा त्याचा रंग वेगळा. मी नेहमी घाईत असते, त्याच्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं. चहा अर्धा झाला असेल, एक हिरवा ठिपका आला. त्याच्यावर दादाच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. तो मोरपंखी किचनमध्ये थोडा हिंडला, मग भिंत ओलांडून बोळात आला आणि मायच्या कपाटावर थांबला. कपाट पुसलं गेलं. ठिपका निघून गेला.

मी माउसला हात लावला नव्हता. कप टेबलावर ठेवला आणि कपाट पुन्हा मांडलं. माझा जीव म्हणत होता की दादाचं बोट चुकून लागलं असेल, त्याला कुठं मोबाइल कळतो. बऱ्याच वेळानं नारिंगी ठिपका आला, धाकट्याचा. हा कुठं हिंडला नाही, सरळ बोळात आला. त्यानं पुसलं नाही, नुसता तो काचेचा कागद झाकला. क्लार्क माणूस, सभ्य. काही नाहीसं केलं असं त्याच्यावर कोणी म्हणू नये.

नळ कोणत्या अंगाला, खिडकी कोणाला, देवघर कोणाकडं, कशावरच या दोघांचं पटत नव्हतं. एकमेकांशी बोलतही नव्हते. आणि माझ्या मायच्या एका फळीवर दोघांचं, न बोलता, एकमत. मला रडू आलं नाही. राग आला, असा की कानशिलं तापली आणि पडद्यावरचं दिसेना.

दादाला फोन लावला. "दादा, मायचं कपाट तू पुसायलास?"

तो आधी गडबडला. मग म्हणाला, "अगं, दोन ल्योक आसताना माय हातानं करून खाती म्हणल्यावर लोक काय म्हणतील? शेण घालतील तोंडात. आमी काय तिला उपाशी ठेवणार हाव का?"

"तिलाच पाहिजे ते."

"तिला काय कळतंय. बाई, तू दिल्या घरी सुखी ऱ्हा."

धाकट्याला लावला. तो शांतपणे बोलला. "अक्का, या वयात मायच्या हातात गॅस द्यायचा म्हणजे जोखीम हाय. उद्या काही झालं तर जिम्मेदारी कोणाची? आणि लोक काय म्हणतील?"

दोघांचं वाक्य एकच होतं. मी म्हणाले, लोक तिला जेवायला घालणार हायेत का रे. त्यावर तो म्हणाला, शाळेत मिटिंग हाय, नंतर बोलतो.

मी दोघांचीही परवानगी काढून घेतली. आता कोणी हात लावू शकणार नव्हतं. लेआउटचं पान कपाटासकट छापलं, एसटीनं स्वतः गावाकडं गेले आणि सुताराच्या हातात दिलं. बोळावर बोट ठेवून सांगितलं की हे आधी कर. तो बरं म्हणाला. येताना मला वाटलं, झालं एकदाचं. सॉफ्टवेअरमधला बिघाड सापडला होता, पान दुरुस्त झालं होतं.

भावांनी दूध उतू घालायला बोलावलं तेव्हा गेले. इकडं मोरपंखी, तिकडं दुधी पांढरा, दारं आरशासारखी. मधल्या बोळात एका अंगाला दादाची खताची पोती, दुसऱ्या अंगाला धाकट्याचा जास्तीचा सिलिंडर आणि मधी मायची बाज. फळी नव्हती. सुतार अंगणात चहा पीत होता. मी त्याला गाठलं. तो खाली बघत म्हणाला, "दोघांनी बी नगं म्हणलं बाई. एकानं म्हणलं आसतं तर दुसऱ्याला इचारलं आसतं."

मी तिथंच भांडायला उभी राहणार होते. मायनं माझा दंड धरला. "जाऊ दे," ती म्हणाली. "सणासुदीचा दिस हाय."

त्यानंतर पाळी सुरू झाली. अमावास्या झाली की मायचं ताट एका दारातून दुसऱ्या दारात जायचं. मी फोन केला की ती म्हणायची, बरं हाय, घालतेत की. एकदा जबरदस्तीनं परभणीला आणली. दोन दिवस राहिली, एसटीचा आवाज आला की दाराकडं बघायची, शेवटी मीच नेऊन सोडली.

मग अधिक आला. त्या साली श्रावण अधिक होता. अधिक श्रावण आधी, त्याच्यामागून खरा, म्हणजे निज श्रावण. आमच्याकडं अधिकाला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. मायचा फोन आला, "जावयाला घेऊन ये. मला बघावंसं वाटायलंय तुमाला." आवाज बारीक होता. मला वाटलं, रेंज नाही.

आम्ही दोघं गेलो. स्वयंपाकघरांची बोळात उघडणारी दोन्ही दारं लावलेली होती. माय बाजेवर बसली होती. मी तिच्या मनगटाला हात लावला. चांदीच्या बांगड्या कोपरापर्यंत गेल्या होत्या.

आमचा आवाज ऐकून थोरली वहिनी बाहेर आली. "अगं बया, जावई आले की. थांबा, धाकटीला सांगते, तिची पाळी हाय."

धाकटी तिच्या दारातून म्हणाली, "आमची पाळी आषाढाची. आमवशाला संपली. श्रावण तुमचा हाय वहिनी."

"आमचा निज श्रावण. ह्यो अधिक हाय. अधिक कुठं धरलाय पाळीत?"

"अधिक बी श्रावणच हाय की."

मग दोघी मायकडं बघायला लागल्या. थोरली हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमी तर म्हणला व्हतात, धाकटीकडं जेवले."

"मला म्हणल्या, तुमच्याकडं," धाकटी म्हणाली.

मी खाली वाकून बाजेखालचा डबा ओढला. त्यात मुरमुरे होते आणि कागदात गुळाचा खडा. शेजारची एक बाई कधी मागच्या दारानं भाकरी देऊन जायची, ते मला नंतर कळलं. माय एका सुनेला सांगायची की तिकडं जेवले, दुसरीला सांगायची इकडं, आणि मधल्या भिंती चांगल्या छतापर्यंत नेलेल्या, नकाशात मीच काढलेल्या. ते दिवस तिनं असे काढले. भांडण लागू नये म्हणून.

"माय, का गं?" मी म्हणाले.

"लेकरांत वाद नगं," ती म्हणाली. "अधिकाचा उपास धरला म्हणून समज."

मालक एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक आहेत, फार बोलत नाहीत. ते तसेच उठले, मला म्हणाले, चल. आम्ही ताडकळसला गेलो. एक फळी घेतली, छोटा सिलिंडर घेतला, एक बर्नरची शेगडी घेतली. परत येऊन त्यांनी खताची पोती अंगणात नेऊन टाकली, विटा रचल्या, फळी बसवली. उंची मी सांगितली. मला ती पाठ होती.

दादा रानातून आला होता, धाकटा शाळेतून. दोघं आपापल्या दारात उभे राहून बघत होते. दादा म्हणाला, "लोकं बघायलेत बाई."

"बघू द्या," मी म्हणाले. "तिकीट लावू नका म्हणजे झालं."

दोघं आत गेले. दारं लागली, आधी मोरपंखी आणि मग दुधी.

पुढं निज श्रावणात माय गेली. थोरल्याच्या पाळीत गेली, त्यामुळं तेरावं कोणाकडं यावर निदान वाद झाला नाही. दवाखान्यात म्हणाले अशक्तपणा, वय झालं. जेवणात दोन्ही घरांनी पुढं काही कमी केलं नाही, पण तिची भूकच मेली होती. धोंडे राहिले ते राहिलेच. पण फळी बसवली तो दिवस मला अजून सगळा दिसतो.

मी दुकानातून चहा-साखर आणली होती, शेजारणीनं दूध दिलं. माय पाटावर बसली. शेगडीचं बटण तिच्या हातानं फिरेना, मालकांनी फिरवून दिलं. जाळ लागला तशी ती जरा ताठ बसली. आधण ठेवलं, साखर चिमटीनं टाकली, चाखून बघितली. आम्हाला दोघांना दिला. मला वाटलं, आता स्वतःला घेईल. तिनं आणखी दोन कप भरले आणि माझ्यापुढं सरकवले.

"एक तिकडं दे, एक इकडं दे," ती म्हणाली. "रानातून आलाय, शाळंतून आलाय. माझ्या हातचा चहा लय दिस झाले पिऊन दोघांनी."

पातेल्यात तिच्यासाठी घोटभरही उरला नव्हता.

मी कप घेऊन उठले. दोन्ही दारं बंद होती, आतून टीव्हीचा आवाज येत होता. माझं डोकं इतकं फिरलं होतं की कोणत्याच दारावर हात टाकवेना. मी बोळ ओलांडून मागच्या दारानं बाहेर गेले आणि दोन्ही कप मोरीत ओतले. एक तांब्या पाणी टाकलं, चहाचा रंग दिसू नये म्हणून. थोडा वेळ तिथंच थांबले आणि परत आले.

माय माझ्या हातांकडं बघत होती. "काय म्हणले?"

"चांगला झालाय म्हणाले."

"साखर?"

"बरोबर हाय म्हणाले."

"समदा पिले का?"

मी दोन्ही रिकामे कप तिच्यापुढं उपडे करून दाखवले.

"समदा," मी म्हणाले.